दुसरा मजला

म्हातारीला खुर्चीसकट वर आणत होते, तेव्हा जिन्याच्या वळणावर एकाचा पाय घसरला आणि खुर्ची एका अंगाला कलली. एवढंच झालं. पडलं कोणी नाही. खालच्या शिपायाने गुडघा लावून खुर्ची तोलून धरली, वरच्या बाजूला असलेला म्हातारीचा मुलगा भिंतीला खांदा घासत सावरला, आणि म्हातारीच्या पायातली एक चप्पल तेवढी सुटून पायरीपायरीवर आपटत खाली गेली. फोटोवाली बाई आपल्या खोलीच्या दारात उभी राहून हे बघत होती. दवाखान्यात तिला सगळे फोटोवाली बाईच म्हणत. लोक तिच्याकडे हाडांचे, छातीचे, कवटीचे फोटो काढायला येत. एक्स-रे हा शब्द कागदावर असला तरी तोंडात फोटोच असे, आणि काहीजण तर हाताने केस सारखे करून टेबलावर झोपत. असल्या खुर्च्या ती वर्षानुवर्षं बघत आली होती. फोटोची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि ज्यांची हाडं मोडली आहेत त्यांनीच वर चढायचं, यात काहीतरी विचित्र आहे हे नोकरीच्या सुरुवातीला तिला खुपलं होतं. पुढे ते खिडकीच्या तडकलेल्या काचेसारखं झालं, समोर असायचं पण डोळ्यात जायचं नाही. म्हातारीला टेबलावर घेताना तिने नेहमीसारखा एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली. ती एवढीशी हलकी बाई ओठ आवळून तिचं मनगट घट्ट धरून म्हणाली, "माफ करा हं. माझ्यामुळं सगळ्यांना त्रास."

अशा वेळी काय म्हणायचं ते तिच्या तोंडात तयार असे. असू दे आजी, त्यात काय, आमचं कामच आहे. पण त्या दिवशी यातलं काहीच बाहेर आलं नाही. ती आडोशाच्या भिंतीमागे गेली, बटण दाबलं, आणि फोटो धूसर आला, कारण ‘हलू नका’ असं सांगायचं ती विसरली होती. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. पुन्हा काढावा लागेल म्हणून ती बाहेर आली, तर म्हातारीने पुन्हा माफी मागितली. म्हातारीला वाटलं, हेही आपल्यामुळंच. मग फोटोवाल्या बाईला एकदम गरम झालं. अंगावरचा शिशाचा एप्रन एरवी तिला जाणवायचाही नाही, तो त्या क्षणी दोन्ही खांद्यांवर कुणीतरी ओझं टाकून निघून जावं तसा लागू लागला. तिने दुसरा फोटो काढला, तो स्वच्छ आला, खुब्याचं हाड मोडलेलं होतं. मुलाने आणि शिपायाने पुन्हा खुर्ची उचलली. खाली जाताना तर जास्तच कठीण असतं. ती दारात उभी राहून ऐकत राहिली, वळण आलं, वळण गेलं, आणि म्हातारी खाली पोचेपर्यंत ती दारातून हलली नाही.

संध्याकाळी घरी जाताना ते ‘माफ करा’ तिच्या पायात पायात येत राहिलं. कुणाकडे मागत होती ती माफी? आपल्या मोडक्या हाडाबद्दल? जिन्याबद्दल? आणि आपल्याला ते इतकं का लागलं? रस्त्यात भाजीवाल्याने सुटे परत दिले तेव्हा ती त्याला ‘थँक्यू’ म्हणाली, मागून धक्का मारणाऱ्या माणसाला ‘सॉरी’ म्हणाली, आणि मग स्वतःशीच थबकली. आपणही दिवसभर हेच तर करतो. आभार आणि माफी, माफी आणि आभार. याची सुरुवात कधी झाली हेही तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याच्या छातीत कळ आली ती दुपार. स्ट्रेचर आलं होतं, पण त्यांच्या इमारतीचा जिना इतका अरुंद की ते वळेना. नवरा पलंगावर घामाने निथळत पडलेला, स्ट्रेचरवाले ‘काय करायचं, काय करायचं’ म्हणत उभे, आणि वरच्या मजल्यावरून थोरले दीर धावत आले, खाली बसले, भावाला पाठीवर घेतलं आणि एकेक पायरी उतरत खाली घेऊन गेले. त्यांची मान लालबुंद झाली होती, तोंडाने ते सारखं ‘झालं रे, आलं रे’ म्हणत होते. पुढचे दिवस इस्पितळात त्यांनीच सगळं बघितलं. डॉक्टरांना फोन, खाट, औषधं, पैसे. नवरा वाचला. तेव्हापासून तिच्या गळ्यात कृतज्ञतेचं एक बारीक हाड अडकलं होतं, जे ती खालीही ढकलू शकत नव्हती, बाहेरही काढू शकत नव्हती. जिन्यात दीर भेटले की ती भिंतीला चिकटून त्यांना वाट देई. ते म्हणत, अगं चाल की. ती हसून आणखीच चिकटे.

आता सांगायची गोष्ट अशी की हे दीर नुसते दीर नव्हते. ते त्या भागाचे निवडून आलेले प्रतिनिधी होते. सगळा प्रभाग त्यांना भाऊ म्हणे, ती भाऊजी म्हणे, एवढाच फरक. माणूस वाईट नव्हता. रात्री-अपरात्री कुणाच्याही हाकेला उठायचा, मयताला खांदा द्यायचा, भांडणं मिटवायचा. प्रभागाच्या कामांसाठी दरवर्षी जो निधी येई तो कुठे लावायचा हे बहुतेक त्यांच्या शब्दावर ठरे. त्या निधीतून गेल्या वर्षी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी एक कमान उभी राहिली होती. दगडी, दोन बाजूंना खांब, वर रंग बदलणारे दिवे. आधी निळे, मग हिरवे, मग एक जांभळट गुलाबी रंग, ज्याच्यात खालून जाणारी माणसं आजारी दिसत. कमानीच्या पायाशी पाटी होती, तिच्यावर दिरांचं नाव आणि झालेला खर्च कोरलेला. उद्घाटनाला ती पहिल्या रांगेत होती, जावेच्या शेजारी, टाळ्या वाजवत. दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टची जागा मात्र इमारत बांधली तेव्हापासून तशीच होती. उभी, पोकळ, खालपासून वरपर्यंत. तळमजल्याला तिला जाळीचं दार लावून आत झाडू, बादल्या आणि फाटक्या गाद्या ठेवलेल्या. शिपाई त्याला लिफ्टच म्हणत. "झाडू कुठाय?" "लिफ्टमध्ये." हा विनोद इतका जुना झाला होता की आता कुणी त्याला हसत नसे, तो नुसता पत्ता झाला होता. त्या संध्याकाळी कमानीखालून जाताना तिचा हात गुलाबी झाला, तोच हात, ज्याचं मनगट म्हातारीने धरलं होतं. ती पाटीपाशी थांबली. तिने तो आकडा पहिल्यांदा वाचला. उद्घाटनाच्या दिवशी तो फुलांच्या माळेखाली होता.

रात्रीच्या जेवणाला बसताना तिने नवऱ्याला सांगितलं की आपण एक अर्ज करणार आहोत. नवरा पूर्वी छापखान्यात मशीनवर होता, आजारपणानंतर गल्ल्यावर बसायचा. कमी बोलायचा, पण ऐकायचा नीट. तिने म्हातारीचं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं, कमानीचा आकडा सांगितला. तो घास हातात धरून बसला. मग म्हणाला, दादाला घरी जाऊन सांग ना. ती म्हणाली, सांगितलं तर ते करतील. "मग?" "मग आणखी एक उपकार होईल. माझ्यावर." तिला स्वतःलाच नवल वाटलं, हे वाक्य इतकं तयार कसं निघालं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "मी जिवंत आहे तो त्याच्या पाठीवरून उतरलो म्हणून. त्याच्याविरुद्ध सही माझ्याच्याने व्हायची नाही."

"अर्ज त्यांच्याविरुद्ध नाही," ती म्हणाली. "त्यांच्याकडे आहे."

त्याने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती. दुखणाऱ्या मानेला माणूस देतो तसा तो नुसता एक हेलकावा होता. त्याचा तिला राग आला नाही. ती रात्रभर जागी राहिली असंही नाही. उलट कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

अर्ज कसा करतात हे तिला ठाऊक नव्हतं. ते भूगोलाच्या बाईंना ठाऊक होतं. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांचा भूगोल सुटला नव्हता. कोणतीही वस्तू कुठे आहे हे त्या उत्तरेला, पूर्वेला असं सांगत. गुडघ्याच्या फोटोसाठी त्या वर्षातून एकदोनदा दुसरा मजला चढत आणि चढताना मोठ्याने पायऱ्यांची निंदा करत. त्यांनी सांगितलं, प्रभागातल्या पुरेशा मतदारांनी सह्या केल्या तर अर्ज उघड्या सभेत घ्यावाच लागतो, वाचावाच लागतो आणि त्यावर हात वर करून मत घ्यावं लागतं. असा नियम आहे, कुणी वापरत नाही म्हणून नवाकोरा राहिला आहे. दोघी बाईंच्या स्वयंपाकघरात बसल्या. फोटोवाल्या बाईने पहिली ओळ लिहिली, ‘आपणांस त्रास देत आहोत त्याबद्दल क्षमस्व.’ भूगोलाच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, कुणाला त्रास देतेयस तू? तिने ती ओळ खोडली. ‘आपण नेहमीच आमच्यासाठी खूप करता’ लिहिलं, तेही खोडलं. मग कागद बराच वेळ कोरा राहिला. तिला कळेना, मधले हे शब्द काढले तर माणूस सुरुवात कुठून करतो. आयुष्यभर ती दार उघडण्याआधी टकटक करत आली होती, आत आपलीच खोली असली तरी. भूगोलाच्या बाई चहा करायला उठल्या, कपबशा वाजल्या, आणि त्या आवाजाच्या आडून तिने लिहून टाकलं: ‘आमच्या दवाखान्याला लिफ्ट हवी. प्रभागाचा पैसा कशावर खर्च होतो ते दर तीन महिन्यांनी सर्वांना दिसेल असं लावावं. लिफ्ट झाल्याशिवाय शोभेचं नवं काम घेऊ नये.’ वाचून बाई म्हणाल्या, संपलं? ती म्हणाली, संपलं. खाली तिने सही केली. पहिली सही तिची. सासरचं आडनाव लिहिताना पेन जरा अडखळलं. तेच आडनाव कमानीवर कोरलेलं होतं.

मग त्या दोघी दारोदार निघाल्या. कामावरून आल्यावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी. भूगोलाच्या बाई तळमजले करत, ती वरचे. लोकांच्या दारांत उभं राहण्याची तिला सवय नव्हती. तिच्याकडे लोक येत, कण्हत येत, आणि ती सांगेल तसे वळत, झोपत, हात वर करत. आता तीच उंबऱ्याबाहेर उभी असे आणि आतला माणूस तिला आरपार बघत असे. इस्त्रीवाल्याने इतकी बारीक सही केली की ती मुंगी वाटावी. का, विचारलं तर म्हणाला, दुकान रस्त्यावर आहे बाई, मोठी सही लांबून दिसते. औषधाच्या दुकानदाराने हात जोडले, त्याच्या दुकानाचं छप्पर फुटपाथवर आलेलं होतं. एका घरात नवरा-बायकोचं भांडण चालू होतं, त्यांनी ते थांबवून सही केली आणि दार लावून पुन्हा सुरू केलं. एक तरुण म्हणाला, द्या, कुठं करायची, वाचत बसत नाही. ती म्हणाली, वाचा, नाहीतर करू नका. त्याला ते अपमानासारखं वाटलं, पण त्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर म्हणाला की माझ्या वडलांना असंच खुर्चीतून नेलं होतं, मीच उचललं होतं, एका बाजूने. मग त्याने सही केली. असं पुष्कळ घरांत होई. कुणी ना कुणी कधी ना कधी ती खुर्ची उचललेली असे. सगळ्यांना ते आपलं खाजगी वाटलेलं, आपल्या घरची अडचण, चारचौघांत बोलायची नव्हे. ती जिने उतरताना विचार करी, इतकी माणसं एकच वजन घेऊन त्याच वळणावर अडखळली आणि प्रत्येकाला वाटलं आपलाच पाय घसरला. काहींनी तिला तोंडावर विचारलं, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहताय का. ती नाही म्हणाली की ते ‘बरं बरं’ म्हणत डोळे मिचकावत.

बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. तिच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ती आणि नवरा, दुसऱ्यावर दीर आणि जाऊ. इतकी वर्षं वरून खाली आणि खालून वर वाट्या जात-येत. अर्ज सुरू झाला आणि वाट्या थांबल्या. शेवटची वाटी तिच्याकडेच राहिली होती. ती घासून, पुसून परत द्यायला गेली, तेव्हा जाऊ जिन्यातच भेटली. फोटोवाली बाई तिला ताई म्हणायची; या घरात नवी आली तेव्हा जावेनेच तिला कुठला नळ कधी येतो, सासऱ्यांसमोर काय बोलायचं, काय नाही, हे शिकवलं होतं. जावेने वाटी घेतली आणि ती रिकामी आहे की काय हे बघितल्यासारखं आत बघितलं. म्हणाली की ते दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. म्हणाली की ज्याने तुझ्या कपाळावरचं कुंकू राखलं त्याचं नाव तू दारोदार फिरवतेयस. फोटोवाल्या बाईने कठडा धरला. तो गार होता. तिच्या आत सवयीने ‘चुकलं ताई’ तयार झालं, ओठांपर्यंत आलं, तिथे घोटाळलं.

"घरातली गोष्ट घरात बोलायची होतीस," जाऊ म्हणाली.

"घरातली असती तर घरातच बोलले असते, ताई."

जाऊ वाटी घेऊन वर गेली. तिच्या पायांचा आवाज गेल्यावर फोटोवाली बाई तिथेच पायरीवर बसली.    दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं, बसा म्हणाले, आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत सांगितलं की लांबच्या एका केंद्रात अनुभवी माणसाची गरज आहे, असा फोन आला होता. कुणाचा, तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते सोडा. भाऊंचा नव्हता एवढं सांगतो. भाऊंना खूश करणारे पुष्कळ आहेत. मग खालच्या आवाजात म्हणाले, सभा होईपर्यंत तुमच्या बदलीचा कागद मी पुढे सरकवणार नाही, नंतरचं माझ्या हातात नाही. ती उठली. दारापाशी वळून तिने विचारलं, सर, तुम्ही याच प्रभागात राहता ना?  तिने अर्जाचे कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. पेपरवेट फिरायचा थांबला. डॉक्टरांनी सही केली नाही, पण ते कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचले, आणि शेवटच्या पानावरची एक सही पाहून म्हणाले, हा माझा पेशंट आहे. ती कागद घेऊन वर आपल्या खोलीत आली आणि त्या दिवशी तिने येईल त्या प्रत्येकाला जरा जास्तच स्पष्ट आवाजात सांगितलं, हलू नका.

सभेचा दिवस उजाडला. सभागृहात समोर लांब टेबल, त्यामागे सात-आठ सभासद, मध्ये अध्यक्षीणबाई, उजव्या टोकाला दीर. माणसं बसायला जागा कमी पडली म्हणून भिंतींना टेकून उभी राहिली. नवरा आला नव्हता. तो येणार नाही हे ठाऊक असूनही ती दाराकडे बघत होती. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, पश्चिमेला काय बघतेस, टेबल पूर्वेला आहे. तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली आणि तिला दिसलं की दिरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आहे आणि त्याच्या कॉलरमधून त्यांची मान दिसते आहे, तीच मान, त्या दुपारी लालबुंद झालेली. क्षणभर तिला वाटलं, सगळं ठेवावं आणि घरी जावं. या मानेला आपण प्रश्न विचारणार? मग तिला वाटलं, हो, याच मानेला. हिला ठाऊक आहे जिन्यावरून माणूस पाठीवर नेणं काय असतं. ठाऊक नसलेल्याला विचारून काय उपयोग. तिने कागद उघडला आणि वाचला. कमानीच्या पाटीवरचा आकडाही वाचला. आवाज कापला, पण शब्द जागच्या जागी राहिले. वाचून झाल्यावर ती बसली नाही.

अध्यक्षीणबाईंनी दिरांना विचारलं, काही म्हणायचं आहे का. ते उठले. चिडले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते.

"माझ्या दाराशी रोज माणसं येतात," ते म्हणाले. "कमान मागायला आली. बाकं मागायला आली, दिवे मागायला आली. जे मागितलं ते मी दिलं. पण लिफ्ट मागायला इतक्या वर्षांत एक माणूस आला नाही. त्या दुसऱ्या मजल्यावर नोकरी करणारी बाई माझ्याच घरात राहते. तीसुद्धा नाही."

 तिला ते लागलं, कारण ते खरं होतं. रोज ती ती खुर्ची बघत होती आणि रोज जिन्यात या माणसाला वाट देत होती, आणि या दोन जिन्यांच्या मध्ये एक वाक्य बोलण्याइतकी जागा तिने कधी ठेवली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे सगळ्या सह्या आल्या, मुंगीएवढी सही, थरथरणारी सही, अंगठा. 

"खरं आहे," ती म्हणाली. "मी मागितली नाही. पण भाऊजी, ज्यांना लिफ्ट लागते ते तुमच्या दाराशी येणार कसे? तुमचंही दार दुसऱ्या मजल्यावर आहे."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. तिने विनोद केला नव्हता. जे दिसत होतं ते ती बोलली होती. दिरांच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं, हसू म्हणावं असं, पण ते त्यांनी तिथेच थांबवलं आणि ते खाली बसले. मग हात वर करायला सांगितलं. खर्च दर तीन महिन्यांनी उघड लावायचा, याला एका हाताच्या फरकाने बहुमत मिळालं. दिरांचे दोन्ही हात टेबलावर होते. लिफ्टचं मात्र पुढच्या अंदाजपत्रकात बघू असं ठरलं आणि शोभेच्या कामांचा मुद्दा पुढच्या सभेवर गेला. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कुणी तिचा हात हातात घेतला, कुणी म्हणालं जिंकलात, कुणी म्हणालं काय मिळालं शेवटी, बघू म्हणजे नाहीच. भूगोलाच्या बाईंनी पुढच्या सभेची तारीख पिशवीवर पेनाने लिहून घेतली, कागद सापडेना म्हणून.

घरी आली तेव्हा नवरा दार उघडं ठेवून बसला होता. त्याने सगळं विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. दादा काय म्हणाला, हे त्याने दोनदा विचारलं. लिफ्ट मागायला कुणी आलं नाही, हे ऐकल्यावर तो म्हणाला, स्ट्रेचर वळत नव्हतं त्या दिवशी तो जिन्यावर काय ओरडत होता ठाऊक आहे? हे जिने बांधणाऱ्याला धरून आणा, असं ओरडत होता. तिला ते आठवत नव्हतं. तिला फक्त ‘झालं रे, आलं रे’ आठवत होतं. ती थोडा वेळ बसली, पाणी प्यायली, मग उठली आणि जिना चढायला लागली. नवऱ्याने कुठे म्हणून विचारलं नाही. वर जायचं काय कारण आहे, हे तिलाही सांगता आलं नसतं. हातात वाटी नव्हती, निरोप नव्हता. बेल वाजवल्यावर जाऊ येईल आणि दार लावून घेईल, अशी तिने मनाची तयारी केली होती. दार दिरांनी उघडलं. सदरा काढून ते बनियनवर होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. दोघंही एकमेकांकडे बघत उभी राहिली. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता.

"तू वाचलास तो आकडा चुकीचा आहे," ते म्हणाले.

"पाटीवरचाच वाचला."

"पाटीवरचाच चुकीचा आहे. पाटी आधी कोरून घेतली होती. दिवे नंतर बसले."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. तिला जाणवलं की आपण भिंतीला चिकटून उभ्या नाही; दाराच्या बरोब्बर मध्ये उभ्या आहोत, आणि बाहेर जायचं म्हटलं तर त्यांनाच बाजूने जावं लागेल.

"खरा जास्त आहे?"

"बराच." ते चष्मा काढून हातात फिरवू लागले. "आता तो बोर्डावर लावावा लागणार. लोक विचारतील, पाटीवर एक आणि इथं एक का."

"विचारतील," ती म्हणाली. "पुढच्या सभेत कुणीतरी उभं राहून सांगावं लागेल. मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग चष्म्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मागून जाऊ येऊन उभी राहिली होती, ओले हात पदराला पुसत. उत्तर लगेच येणार नाही हे दिसत होतं. फोटोवाल्या बाईने चपला काढल्या, आत आली आणि खुर्ची ओढून बसली. तिला घाई नव्हती.